पितळेची पिन

साळवेकाका बंद पडलेल्या यंत्रासमोर आधी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. मिक्सर असो, सोसायटीचा पाण्याचा पंप असो, नाहीतर माझ्या दाराचं कुलूप. तीन-चार मिनिटं ते नुसतं बघत. आपण अधीर होऊन "काय झालं असेल हो?" म्हटलं की म्हणत, "त्यालाच विचारतोय. तुम्ही मध्ये बोलू नका, मॅडम." मग उजवा हात पाठीमागून सुटायचा. तो सुटला की काम होणार, हे मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

ते गेले त्याला आता पाच महिने झाले. बदलापूरच्या मांजर्लीतल्या आमच्या चार मजली इमारतीत ते तळमजल्यावर राहत आणि मी बरोबर त्यांच्या वर, पहिल्या मजल्यावर. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकटी राहते, आणि मला शेजाऱ्यांशी फार बोलता येत नाही. साळवेकाकांना बोलण्याची गरजच वाटत नसे. कदाचित म्हणून आमचं जमलं.

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली. बाकीचा कारखाना ज्या साच्यांवर आणि हत्यारांवर चालतो, ती टूलरूममध्ये घडतात. तिथे सुताच्याही शंभराव्या हिश्शाचं माप सांभाळावं लागतं. ज्या कारखान्याच्या बांधकामावर वडिलांनी घमेली उचलली, त्याच्याच टूलरूममध्ये मुलगा आयटीआय करून शिरला होता. काका हे सांगत तेव्हा आवाज चढवत नसत, पण सांगत मात्र प्रत्येकाला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो होता. "त्या कोटाची इस्त्री बघा," ते म्हणत. "काम करणारा माणूस असा दिसला पाहिजे." स्वतः निवृत्तीनंतरही ते इस्त्रीचा शर्ट घालूनच यंत्र उघडत. बाह्यांना बरोबर तीन घड्या, चौथी नाही.

उघडलेले भाग ते जुन्या चादरीवर डावीकडून उजवीकडे मांडत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. त्या चादरीला घरात कुणी पाय लावत नसे. घरात होतंच कोण म्हणा, सुमनवहिनी. "माझ्या साड्या कपाटात कोंबलेल्या असतात," त्या म्हणत, "आणि ह्यांचे नटबोल्ट बघा, पंगतीला बसल्यासारखे."

काकांना एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. कारखान्यात खराब निघालेल्या कामाला लाल रंगाचा ठिपका लावून परत पाठवत. "चौतीस वर्षांत माझा एकही पीस तुटून परत आला नाही," ते म्हणत. "लाल ठिपका मी दुसऱ्याच्या कामावर पाहिला."

सुमनवहिनींच्या दोन्ही किडन्या काम करत नव्हत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. शरीरात साठलेलं पाणी यंत्राने काढून घ्यायचं, म्हणून पाणी प्यायचं ते दिवसाला मोजून दोन कप. एक पाळी चुकली की पाणी छातीत चढायला लागायचं आणि श्वास लागायचा. जिना चढवत नाही म्हणून त्यांनी तळमजल्यावर घर घेतलं होतं, आणि आमच्याकडे पूर येतो तेव्हा पहिल्यांदा तळमजलाच जातो.

तीन वर्षांपूर्वीच्या पुरात वहिनींना चौघांनी खुर्चीत बसवून माझ्या घरी आणलं. तो शुक्रवार होता. बचावाची रबरी होडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर वहिनी माझ्या पलंगावर उशा पाठीशी घेऊन बसून होत्या, कारण आडवं झालं की जीव घुसमटायचा. काका खिडकीशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. पण समोर विचारण्यासारखं यंत्र नव्हतं, नुसतं तपकिरी पाणी होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून काही तास गेले असते तर सांगता आलं नसतं. काका इस्पितळाच्या बाकावर माझ्याशेजारी बसले होते. तिथेच म्हणाले, "पुढच्या वेळी वाट बघणार नाही."

त्यांची मुलगी नागपूरला असते. पावसाळ्याचे चार महिने तिकडे या, असं ती दर वर्षी म्हणायची. वहिनी ऐकायच्या नाहीत. "माझ्या हाताची शीर इथल्या पोरींना सापडते. तिथं नवी पोरगी चार वेळा टोचणार." घर विकावं तर भिंतीवर पुराची ओल दिसते, कोण घेणार? तेव्हा पुढच्या वेळी वाट बघणार नाही म्हणजे नेमकं काय करणार, हे मला कळलं नव्हतं. ते कळलं पुढच्या वर्षाच्या दिवाळीआधी, ते रिक्षातून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उतरवत होते तेव्हा.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये मोहनशेठ नावाचा भंगारवाला त्यांच्या ओळखीचा होता. ती वस्तू त्याच्या दुकानामागे ताडपत्रीखाली पडून होती. होडीच्या मागे अडकवायची मोटर. वर इंजिन आणि चाक, मधे लांब दांडा, खाली पंखा. विलायती, दोघांच्याही जन्माआधीची, नावाची पट्टी कुणीतरी खरवडून काढलेली. मोहनशेठने विचारलं होतं, "साळवे साईं, ये तो समुंदर का माल है. बदलापूरमें समुंदर आया क्या?"

"येतो. तीन-चार वर्षांनी एकदा," काका म्हणाले होते.

मोहनशेठ हसला नाही. त्याने स्वतः ती रिक्षात ठेवली. "चालू हुई तो मेरे को घुमाने का. नहीं हुई तो वापस मत लाना, मेरे से देखा नहीं जाएगा."

वहिनींनी तिचं नाव 'पाहुणा' ठेवलं. पाहुण्याचा पिस्टन आत गंजून चिकटला होता. काकांनी प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतलं आणि वाट बघायला लागले. ठोकायचं नाही, जोर लावायचा नाही. रोज सकाळी चहाच्या आधी वरच्या चाकावर हात ठेवायचा, हलकेच फिरवून बघायचं आणि म्हणायचं, "अजून नाही." असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी माझ्या दारावर टकटक झाली. "सूतभर हलला," ते म्हणाले आणि लगेच जिना उतरून गेले.

मग तो हिवाळा पाहुण्याचाच होता. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची तार भुगा झाली होती. काकांनी भिंगाखाली केसाएवढी तार पुन्हा गुंडाळली. कार्ब्युरेटरमधला बुचाचा तरंगता तुकडा पेट्रोल पिऊन फुगला होता, तो नवा कोरला. वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात कार्ब्युरेटर उकळला. "जेवायला काय करू पाहुण्यांना?" वहिनी आतून विचारायच्या. "त्यांना तिखट चालतं का?" पण पेट्रोलच्या वासाने त्यांना उमळून यायचं. टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक लहान स्क्रू होता. तो सैल असला की वास घरभर पसरायचा, म्हणून काम संपलं की काका तो घट्ट आवळून ठेवत आणि खिडक्या उघडत.

मला त्यांनी एक काम दिलं होतं. "तुमच्याकडे एवढी पुस्तकं. अशा मोटरीवर एखादं असेल." कॉलेजातल्या रद्द केलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला खरंच एक सापडलं, जुनं, इंग्रजी, होडीच्या इंजिनांवरचं. ते मी घरी आणलं. पण न वाचता पुस्तक पुढे द्यायची मला सवय नाही. मी ते पहिल्या पानापासून, शब्दकोश घेऊन, सावकाश वाचायला घेतलं.

याच दिवसांत काका एकदा तळहातावर काहीतरी घेऊन वर आले. पंखा दांड्याला ज्याने जोडलेला असतो ती पिन. करंगळीच्या नखाएवढ्या जाडीची, दोन इंचांची. जुनी पिन पितळेची होती आणि मधोमध तुटलेली. "पितळ!" ते म्हणाले. "सगळं इंजिन एवढं नेकीने बनवलं आणि सगळा जोर जिथे येतो तिथे पितळ. मधल्या कुणा आळशाचं काम." त्यांनी स्वतः नवीन बनवली होती, पोलादाची, पाणी देऊन कडक केलेली, आरशासारखी घासलेली. "ही तुमच्यामाझ्या मागेही राहील." मी ती हातात घेतली. गार आणि फार सुंदर वस्तू होती.

जानेवारीत आवारातल्या पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून मोटर सुरू केली. दोरी प्रत्येक वेळी चाकाला हाताने गुंडाळायची आणि ओढायची. सातव्या ओढीला ती भडकली. आवार निळ्या धुराने भरलं, सेक्रेटरी पाटील गॅलरीतून ओरडले, "साळवे, डासांची फवारणी चाललीय की काय?" आणि वहिनी दारात नाकाला पदर लावून उभ्या राहून हसत होत्या. काकांनी फक्त शर्टाच्या बाहीची सुटलेली घडी नीट केली.

होडी बुधाजी वाघेची. नदीकाठच्या वाडीत राहणारा, मासे धरणारा माणूस. त्याच्याकडे रेती काढायच्या काळातली एक लहान लोखंडी होडी होती. काकांनी तिच्या मागच्या बाजूला जाड फळी बसवून दिली होती. मोटर कशाला, वल्ही नाहीत का, असं मी विचारलं तेव्हा बुधाजीच म्हणाला, "ताई, नदीचं पानी सरळ जातंय. पुराचं पानी रस्त्यावनं आडवं येतं. त्याला वल्हा नाय पुरत. ते होडीला वढून नदीत नेतंय."

नदीवरच्या चाचणीला मी काठावर होते. अर्धा तास होडी वर-खाली गेली. काका मागे बसून मोटरीची मूठ धरून होते, पाठ अगदी ताठ. परत येताना काठाजवळ पंखा बुडलेल्या खडकाला लागला. मोठा आवाज झाला नाही. दाताखाली खडा यावा तसा झाला. इंजिन जोरात गरजत राहिलं आणि होडी जागच्या जागी फिरायला लागली. काकांनी इंजिन बंद केलं. बुधाजीने बांबूने होडी काठाला लावली.

घरी त्यांनी मोटरीची खालची, गिअरची पेटी उघडली. पोलादी पिन जशीच्या तशी होती. आतल्या गिअरचे दोन दात तुटून तेलात पडले होते.

त्या संध्याकाळी मी पुस्तक चाळत पुढे गेले. मी ज्या पानावर होते त्याच्यापुढे वीस पानांवर ते लिहिलेलं होतं. पिन मऊच असावी. पंखा कशावर आपटला तर आधी पिन तुटावी, म्हणजे गिअर वाचतो. पिन बदलता येते. मी पुस्तक घेऊन खाली गेले आणि ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. हे माझ्याकडे दोन महिने पडून होतं, हेही सांगितलं.

त्यांनी ते वाचलं. इंग्रजी वाचताना ते ओळीखाली बोट धरत. बोट ओळीच्या शेवटी थांबलं.

"तुमचं राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही वाचायला उशीर केलात. माझ्या तर हातात होती ती. तुटलेली पिन हातात होती, मॅडम, आणि मी तिला विचारलंच नाही तू का तुटलीस. मला वाटलं, मला माहीत आहे." दोन तुटके दात त्यांनी वाटीत ठेवले होते. "चौतीस वर्षं तुटू नये म्हणून वस्तू बनवल्या. ही तुटावी म्हणून बनवली होती."

वहिनी पलंगावरून म्हणाल्या, "मग आता तुटणारी बनवा. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

तुटणारी पिन बनवायला न तुटणाऱ्या पिनीपेक्षा जास्त दिवस लागले. पितळेची एकेक कांडी कातून ते ती एका दांड्याच्या भोकात बसवत, दांड्याला बादली टांगत आणि बादलीत मापाने पाणी ओतत. ठरल्या मापाच्या आधी तुटली तर कच्ची. ठरल्या मापाला तुटली नाही तर तीही बाद, आणि तिला लाल ठिपका. मी एकदा गेले तेव्हा खिडकीच्या कठड्यावर लाल ठिपक्यांच्या सात-आठ पिना ओळीने ठेवल्या होत्या. काका त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "हे सगळे माझ्यासारखे हुशार कारागीर."

गिअरचं काम त्याहून अवघड होतं. मोरिवलीत त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं लहान वर्कशॉप होतं. आठवड्यातले चार दिवस, डायलिसिस नसलेले, ते तिकडे जायचे आणि एकेक दात कानसीने घासून जुन्या दाताशी जुळवायचे. गिअर बसला तोवर जुलै उजाडला होता. पिंपात चालवून पाहिली, चालली. पण पिंपात पंख्याला ओझं नसतं. नदीवर न्यायला पाऊस थांबेना.

त्याच महिन्यातल्या एका मंगळवारी डायलिसिस अर्ध्यावर सोडावं लागलं, वहिनींचा रक्तदाब एकदम उतरला म्हणून. राहिलेलं शुक्रवारी काढू, असं ठरलं. शुक्रवारी पहाटे पाणी आलं. दोन तासांत आवारातल्या मोटारसायकलींच्या सीटपर्यंत. आम्ही वहिनींना खुर्चीतून वर आणलं, त्यांच्यामागून काका आणि पाटील पाहुण्याला घेऊन आले. नऊ वाजता वहिनी माझ्या पलंगावर तशाच बसल्या होत्या, उशा पाठीशी घेऊन. ओठांचा रंग मला आवडला नाही. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "एवढं पाणी... आणि मला दोन कप." आणि हसायला गेल्या तर खोकलाच आला.

पाटील वरून ओरडले, "साळवे! फोन लागला. होडी पाठवतायत. दोन तास म्हणाले."

"दोन तास त्यांच्याकडे असतील," काका म्हणाले. "हिच्याकडे नाहीत."

दहाच्या सुमारास बुधाजी होडी घेऊन आला, कंपाउंडची भिंत आणि झाडं धरत धरत. होडी जिन्याच्या अर्ध्या वळणापर्यंत आली. काका कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभे राहिले आणि मोटर फळीला आवळली. दोरी गुंडाळली. ओढली. पुन्हा गुंडाळली. चौथ्या ओढीला मोटर सुरू झाली. वरच्या मजल्यांवरून लोक ओरडले, कुणी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या मिनिटाने आवाज बारीक झाला आणि मोटर बंद पडली.

पुन्हा दोरी. पुन्हा सुरू. पुन्हा अर्धं मिनिट आणि बंद.

काकांनी प्लग काढला, माझ्याकडे दिला. मी तो स्वयंपाकघरात गॅसवर तापवून आणला. हात भाजला ते नंतर कळलं. प्लग लावला, दोरी ओढली, तेच झालं. वरून सल्ले सुरू झाले. चोक द्या, चोक काढा, पेट्रोलमध्ये पाणी गेलंय. काकांनी एकदा हात पाठीमागे नेले. पण पाण्याचा लोंढा होडीला जिन्यावर आपटत होता आणि वहिनींचा श्वास आम्हांला तिथवर ऐकू येत होता. हात तिथे टिकले नाहीत, पुढे आले. मी त्यांचे हात पहिल्यांदाच असे पाहिले, कशावर ठेवावेत ते न कळलेले.

वहिनींना आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर आणून बसवलं होतं. त्या एकेक शब्द सुटा सुटा बोलत होत्या.

"अहो. वास. नाही. येत."

काकांनी वर पाहिलं.

"पेट्रोलचा. वास येत नाही मला. स्क्रू... बंद आहे."

टाकीच्या झाकणावरचा तो हवेचा स्क्रू. घरात त्यांना उमळू नये म्हणून रोज आवळलेला. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. काकांनी तो दोन फेरे सैल केला. वास सुटला. वहिनींनी पदर नाकाला लावला आणि मान हलवली. दोरीची एकच ओढ लागली, आणि यावेळी आवाज बारीक झाला नाही.

होडीत आम्ही चौघं होतो. पुढे बांबू घेऊन बुधाजी, मधे वहिनी आणि मी, मागे काका. वहिनींची पाठ माझ्या छातीला टेकलेली होती आणि त्यांच्या कागदांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या गळ्यात. आवाराच्या फाटकावरून पाणी वाहत होतं, फाटक दिसत नव्हतं. बुधाजी म्हणाला, "डावीकडं... डावीकडं घ्या, काका." आम्ही घेतलं आणि पंखा कशालातरी लागला. इंजिन एकदम मोकळं सुटून किंचाळलं. होडी थांबली आणि मग आडवी होऊन हळूहळू नदीच्या दिशेला सरकायला लागली. त्या दिशेला इमारती संपत होत्या.

"पिन तुटली," काका म्हणाले. एवढंच. आवाजात जणू समाधान होतं.

बुधाजीने एका विजेच्या खांबाला दोरी टाकली. वीज पहाटेच गेली होती. पहिल्यांदा दोरी निसटली, दुसऱ्यांदा बसली. होडीला झटका बसला, वहिनी कळवळल्या. काकांनी मोटर वर उलटली, पंख्याचा नट सोडला आणि नटाची खीळ दातांत धरली. शर्टाच्या खिशात पितळेच्या आणखी दोन पिना होत्या. तुटलेल्या पिनीचा तुकडा भोकात अडकला होता. तो त्यांनी दुसऱ्या पिनीने ठोकून काढला, न घाई करता, जणू मोरिवलीत बाकावर बसले आहेत. पाणी होडीच्या कडेवरून आत येत होतं. मी तळहाताने उपसत होते, त्याचा काही उपयोग नव्हता. वहिनींच्या मानेजवळ माझा हात होता. श्वास घेताना तिथलं कातडं आत ओढलं जात होतं. मी ते बघायचं थांबवलं.

नवी पिन, पंखा, नट, दातांतली खीळ. दोरीची ओढ. खांब मागे गेला.

दुसरी पिन रिक्षा स्टँडपाशी तुटली, दुभाजकावर. तिथे धरायला काही नव्हतं. बुधाजी पाण्यात उतरला, छातीपर्यंत, आणि होडी अंगाने अडवून उभा राहिला. "करा, काका, करा. मी हाय." काकांनी ती पिन बदलली. पेटीतला गिअर मात्र दोन्ही वेळा शाबूत राहिला. वहिनींचे डोळे मिटले होते. मी त्यांना हाक मारली तर "हं" म्हणाल्या, इतक्या लांबून, की मी पुन्हा हाक मारली. तिसरी पिन तुटली असती तर आमच्याकडे चौथी नव्हती. ते आम्हां तिघांनाही माहीत होतं. ती टिकली. रेल्वेवरच्या पुलाच्या चढाशी पाणी गुडघ्यावर आलं, मग घोट्यावर, आणि होडीचा तळ डांबरावर घासला.

एका रिक्षावाल्याने काही न विचारता रिक्षा सुरू केली. बुधाजी होडीपाशी राहिला. पुलावरून आम्ही पूर्वेला गेलो, डायलिसिस सेंटरच्या पायऱ्यांशी स्ट्रेचर आलं. पुढचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. ऑक्सिजनचा मास्क. एका मुलीचे झरझर चालणारे हात. "शीर सापडली" असं कुणीतरी म्हणालं.

त्यानंतरचे जवळपास सात महिने मी काकांना रोज पाहिलं. मोहनशेठला त्यांनी खरोखर नदीवर फिरवलं, आणि तो सबंध वेळ डोळे मिटून बसला होता. फेब्रुवारीत एका दुपारी, साध्या खुर्चीत बसल्या बसल्या, ते गेले. वहिनी अजून मंगळवारी आणि शुक्रवारी जातात, मी सोबत असते. पण काकांचं शेवटचं दर्शन म्हणून मी जे जवळ ठेवलं आहे, ते त्या शुक्रवारचं आहे.

मी चहा आणायला बाहेर गेले होते. परत आले तेव्हा दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. वहिनींना झोप लागली होती, खरी झोप, मास्कच्या आत तोंड किंचित उघडं. शेजारी यंत्र चालू होतं. त्याच्या दर्शनी बाजूला एक लहान चाक सावकाश फिरत होतं आणि लाल नळी दाबून सोडत, दाबून सोडत रक्त पुढे ढकलत होतं. काका त्या चाकाकडे थोडे वाकून उभे होते. शर्ट चिखलाने भरलेला, बाह्या खाली सुटलेल्या, नखांत ग्रीस. नर्स म्हणाली, "काका, बसा ना. आणि हात धुऊन या." ते "हो" म्हणाले आणि हलले नाहीत. तिने विचारलं, "मांजर्लीतून आलात कसे? रस्ता बंद आहे ना?"

"होडीने," ते म्हणाले, चाकावरची नजर न काढता. मग तिच्याकडे वळले आणि हलक्या आवाजात, परवानगी मागावी तसं विचारलं, "हे आता चार तास चालेल ना? मधे थांबणार नाही?"

"नाही थांबणार, काका."

त्यांनी मान हलवली. स्टूल ओढून ते वहिनींच्या पायांशी बसले आणि त्या चाकाचे फेरे मोजायला लागले. ओठ हलताना दिसत होते. मी चहाचे दोन कप हातात धरून काचेबाहेरच उभी राहिले.